यंत्राचे घड्याळ चुकते, खेटे माणसाला पडतात

"सर्व्हर डाउन आहे, उद्या या." हे वाक्य ऐकले नाही असा माणूस आता तालुक्याच्या गावी सापडणे कठीण. मध्य प्रदेशात जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. दोन्हीकडची माणसे ई-केवायसी, रेशन, पेन्शन, राज्याचा समग्र आयडी अशा कामांसाठी ऑनलाइन केंद्रांत जातात, नंबर येईपर्यंत थांबतात आणि पुष्कळदा हेच वाक्य घेऊन परततात. कधी सर्व्हर खरोखरच बंद असतो, कधी नेट गेलेले असते. पण अशा तक्रारींत एक वाटा वेगळ्याच बिघाडाचा असतो. दूरचा सर्व्हर ठणठणीत चालू असतो आणि समोरच्या टेबलावरचा संगणक मात्र दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या एखाद्या १ जानेवारीत जाऊन बसलेला असतो. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ती तारीख दिसत असते, पण तिकडे कुणाचे लक्ष जात नाही.

भिंतीवरचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असले म्हणून कुणाचे काम अडत नाही. संगणकाचे अडते. कोणतीही सुरक्षित वेबसाइट उघडताना ब्राउझर तिचे प्रमाणपत्र तपासतो. त्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. संगणकाची स्वतःची तारीख त्या दोहोंच्या बाहेर पडली की ब्राउझर साइट उघडायलाच नकार देतो. बँकेची साइट बंद, सरकारी पोर्टल बंद, ईमेल बंद. चालवणारा म्हणतो, नेट गेले. ग्रामपंचायतीत सरपंच आणि सचिव ज्या डिजिटल सहीने ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या पोर्टलवरची देयके पुढे सरकवतात, त्या सहीलाही मुदत असते. संगणकाची तारीख मुदतीबाहेर गेली तर चांगली सहीसुद्धा अडते, आणि ठेकेदारापासून मजुरापर्यंत सगळ्यांचे पैसे लांबतात.

सर्वांत जास्त त्रास 'आधार'च्या जागी होतो. बोट ठेवल्यावर जी विनंती आधारच्या सर्व्हरकडे जाते, तिच्यात ठसा घेतल्याची वेळ नोंदलेली असते. ती ठरलेल्या मर्यादेपेक्षा जुनी असेल तर ५६१ क्रमांकाची चूक परत येते, सर्व्हरच्या वेळेच्या पुढची असेल तर ५६२ क्रमांकाची. दोन्हींचा अर्थ एकच: यंत्राची वेळ तपासा. पण हा क्रमांक काउंटरच्या अलीकडे पोहोचेपर्यंत "तुमचा अंगठा येत नाही" असा होतो. कापूस वेचून, संत्र्याच्या बागेत राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा खरेच झिजल्या आहेत, त्यांना ते लगेच पटते. ते बोट पदराला पुसतात, पुन्हा ठेवतात, तिसऱ्यांदा ठेवतात आणि स्वतःलाच दोष देत घरी जातात. चूक यंत्राची असताना माणसाला त्याच्या हातांबद्दल शंका यावी, ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

हा बिघाड गूढ असता तर काही म्हणता आले नसते. उलट, भारतात तो ओळखणे इतर अनेक देशांपेक्षा सोपे आहे. अमेरिकेत किंवा युरोपात वर्षातून दोनदा घड्याळे पुढे-मागे होतात, त्यामुळे तासाभराचा फरक कशामुळे पडला हे शोधावे लागते. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारने उन्हाळी वेळ लांबणीवर टाकण्याचा निर्णय अगदी ऐनवेळी जाहीर केला. काही संस्थांनी तो मानला, काहींनी नाकारला. मोबाइल फोन आपापल्या जुन्या तक्त्याप्रमाणे बदलले आणि एकाच शहरात काही दिवस दोन वेळा चालू राहिल्या; शेवटी सरकारने निर्णय मागे घेतला. आपल्याकडे अरुणाचलपासून कच्छपर्यंत एकच वेळ आहे आणि उन्हाळी वेळ नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५, घड्याळ तासभर पुढे सरकवले गेले होते. म्हणून भारतातल्या संगणकाची वेळ चुकली की नुसता फरक मोजूनच कारणाचा अंदाज येतो. वैद्याने नाडी पाहावी तसे आहे हे. फक्त नाडी कुणी धरत नाही.

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर घड्याळ बिघडलेलेच नाही. संगणकाचा एक भाग जागतिक वेळ धरून चालला आहे आणि दुसरा भारतीय वेळ. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स सहसा जागतिक वेळ ठेवते. एकाच यंत्रावर दोन्ही बसवल्या की एक प्रणाली दुसरीची वेळ बिघडवत राहते. कितीही वेळा हाताने काटे फिरवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेपाच तास. दोघींपैकी एकीला दुसरीची रीत पाळायला सांगणारी एक सेटिंग बदलली की प्रश्न कायमचा मिटतो.

हाच साडेपाच तासांचा फरक सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या हातून सुटला तर तो फार दूरवर लागतो. आपल्याकडे मध्यरात्रीचे बारा वाजतात तेव्हा जागतिक वेळ आदल्या दिवशीची सायंकाळी साडेसहा असते. एखाद्या प्रोग्रॅमने जन्मतारीख नुसती तारीख म्हणून न ठेवता 'मध्यरात्रीचा क्षण' म्हणून ठेवली आणि तो क्षण जागतिक वेळेत बदलून तारीख काढली, की ती एक दिवस मागे जाते. १५ ऑगस्टला जन्मलेला माणूस १४ ऑगस्टचा होतो. खेड्यांत शाळेत नाव घालताना कित्येकांची जन्मतारीख १ जानेवारी लावलेली आहे. १ जानेवारी १९६० ची ३१ डिसेंबर १९५९ झाली तर साल बदलते. मग एका कागदावर एक साल, दुसऱ्यावर दुसरे, आणि 'माहिती जुळत नाही' म्हणून अर्ज फेटाळला जातो. संगणक शिकवणाऱ्या प्रत्येक कॉलेजात हे उदाहरण पहिल्या वर्षाला शिकवायला हवे. पुण्यात, नागपुरात बसून सरकारी पोर्टल लिहिणाऱ्या तरुणांना आपल्या एका ओळीमुळे पांढुर्ण्यातल्या एखाद्या आजोबांना किती खेटे पडतात हे दिसत नाही, पण ते पडतात.

साडेतेरा किंवा साडेबारा तासांचा फरक असेल तर यंत्र अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवर आहे; विंडोज नव्याने टाकताना टाइम झोन बदलायचा राहून गेला की असे होते. हिवाळ्यात साडेतेरा, उन्हाळ्यात साडेबारा. पंधरा मिनिटे पुढे असेल तर यादीत कोलकाता-मुंबईऐवजी शेजारचे काठमांडू निवडले गेले असण्याची दाट शक्यता, कारण नेपाळची वेळ जागतिक वेळेच्या पावणेसहा तास पुढे आहे.

इथे बहुतेक जण जी चूक करतात ती मूळ चुकीहून वाईट. टाइम झोन तसाच ठेवून ते आकडे हाताने बदलतात. पडद्यावर वेळ बरोबर दिसते, पण आत संगणक समजतो तो क्षण साडेतेरा तास पुढचा असतो. ईमेल उद्याच्या वेळेने जातात, ओटीपी बनवणारी ॲप अडतात, कारण त्यांचा आकडा दर तीस सेकंदांनी प्रत्यक्ष वेळेवरून ठरतो. वर स्वयंचलित जुळवणी चालू असेल तर काही वेळाने चुकीचे आकडे परत येतात, म्हणून वैतागून तीही बंद केली जाते. तिथून पुढे ते घड्याळ वाऱ्यावर. आधी झोन, मग वेळ, हा क्रम मोडायचा नाही, एवढे एक कागदावर लिहून प्रत्येक केंद्राच्या भिंतीला लावले तरी खूप झाले.

तारीखच वर्षानुवर्षे मागे गेली असेल तर दोष बॅटरीचा. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी तीन व्होल्टची चपटी बॅटरी असते, नाव सीआर २०३२. संगणक बंद असताना घड्याळ तिच्यावर चालते. ती काही वर्षांत संपते, पण संपल्याचे लगेच कळत नाही. मुख्य बटण चालू असेपर्यंत विजेच्या जोडणीतून घड्याळाला थोडा प्रवाह मिळत राहतो. ज्या दिवशी लाईन जाते किंवा संध्याकाळी दुकान बंद करताना बोर्डाचे बटण बंद केले जाते, त्या रात्री घड्याळ सगळे विसरते. म्हणूनच हा दोष शहरातल्या कधीच बंद न होणाऱ्या कार्यालयापेक्षा लाईन जाणाऱ्या गावात जास्त दिसतो. बॅटरी किरकोळ किमतीला मिळते, बसवायला पाच मिनिटे लागतात. तरीही चालवणारा रोज सकाळी तारीख हाताने घालतो आणि ज्या दिवशी विसरतो त्या दिवशी 'सर्व्हर डाउन' असतो.

राहिला मंद गतीने वाढणारा फरक, काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंतचा. संगणकाच्या घड्याळात क्वार्ट्झचा बारीक स्फटिक असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. दहा लाखांत वीस भागांची चूक अशा स्फटिकात सहज मान्य असते. हिशोब केला तर दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला पाऊण मिनिटाहून जास्त आणि वर्षाला दहा मिनिटे. हा स्फटिक साधारण पंचवीस अंश तापमानासाठी बनवलेला असतो. त्याहून गरम झाला तरी मागे पडतो, थंड झाला तरी मागे पडतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानातले यंत्र वातानुकूलित खोलीतल्या यंत्राबरोबर चालणार नाही, हे उघड आहे.

त्यावर उपाय १९८५ पासून उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची एनटीपी ही पद्धत घडवली आणि आयुष्यभर ती सुधारत राहिले. जानेवारी २०२४ मध्ये ते वारले. संगणक वेळ विचारतो आणि विचारल्याचा क्षण लिहून ठेवतो. पलीकडचा सर्व्हर प्रश्न पोहोचल्याची आणि उत्तर पाठवल्याची वेळ सांगतो. उत्तर पोहोचल्याचा क्षण संगणक पुन्हा लिहितो. या चार नोंदींवरून वाटेत गेलेला वेळ काढायचा, त्याच्या निम्म्याची भर घालायची, आणि हे पुनःपुन्हा करत राहायचे. एवढ्यावर जगभरचे संगणक सेकंदाच्या अगदी लहान भागापर्यंत एकमेकांशी जुळतात. भारतात राष्ट्रीय वेळ राखण्याचे काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे, एनपीएलकडे आहे. तिथली अणुघड्याळे देशाची वेळ ठरवतात आणि प्रयोगशाळेचा एनटीपी सर्व्हर कुणालाही फुकट वेळ देतो.

मग तरीही फरक का राहतो? पुष्कळ कार्यालयांत सुरक्षेच्या नावाखाली नेटवर्कवर १२३ क्रमांकाचा पोर्ट बंद केलेला असतो. एनटीपीचा सगळा व्यवहार त्याच दारातून होतो. सेटिंगमध्ये 'वेळ आपोआप जुळवा' चालू दिसते, पण जुळवणी वर्षभर झालेली नसते. दुसरे असे की विंडोज फार मोठा फरक आपणहून दुरुस्त करत नाही. घरगुती किंवा एकट्या संगणकावर ही मर्यादा पंधरा तासांची असते. बॅटरी मेलेला, सालाने मागे गेलेला संगणक म्हणूनच आपोआप भानावर येत नाही. आधी तारीख हाताने घालावी लागते, मग जुळवणी.

वेळेवरून वाद आपल्याला नवे नाहीत. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर बेतलेली. मुंबईने ती लगेच मानली नाही. मुंबईची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे, आणि ती जवळपास अर्धशतक, १९५५ पर्यंत, शहरात वापरात राहिली. त्या काळात कार्यक्रमाची वेळ सांगताना ती कोणत्या घड्याळाची हेही सांगावे लागे. लग्नपत्रिकेत वेळेपुढे छापला जाणारा 'स्टँ. टा.' त्याचीच खूण. पांढुर्णा ७८ अंश ३१ मिनिटे रेखांशाच्या आसपास आहे. तिथे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात सरासरी सव्वाबारा वाजता. पंचांग पाहणारे लोक गावागावातला हा फरक जाणतात आणि त्याचा हिशोब धरतात. आकडा सांगताना तो कोणत्या वेळेचा हे सांगण्याची ही शिस्त आपल्याकडे होती. संगणक आल्यावर ती सुटली.

सावरगाव आणि पांढुर्ण्याला या शिस्तीची गरज इतरांपेक्षा अधिक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. मध्ये पळसाचे झाड आणि त्यावर झेंडा, एका काठावर सावरगाव, दुसऱ्यावर पांढुर्णा, आणि दिवसभर दगड. माणसे जखमी होतात, काही वेळा जिवाला मुकतात. प्रशासन बंदी आदेश काढते, पोलीस आणि रुग्णवाहिका तैनात करते, कॅमेऱ्यांतून नजर ठेवते. अशा दिवशी कोणता दगड कुठून आला, जखमी माणूस किती वाजता पडला, रुग्णवाहिका किती मिनिटांत पोहोचली, हे नंतर ठरवायचे असेल तर वेगवेगळ्या चित्रणांची वेळ एक असावी लागते. दुकानांच्या सीसीटीव्हीचे डीव्हीआर बहुधा नेटला जोडलेले नसतात. त्यांच्यातही तोच स्फटिक असतो आणि वर्षाला दहा मिनिटे सरकण्याची तीच सोय. दोन दुकानांचे कॅमेरे वीस मिनिटांनी वेगळे असतील तर एकाच घटनेच्या दोन घटना होतात, आणि बचावाच्या वकिलाला तेवढे पुरते.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचा हॅश नोंदवावा लागतो. हॅशमुळे फाइलमध्ये नंतर बदल झाला नाही हे कळते. मूळ घड्याळ बरोबर होते की नाही, हे हॅश सांगत नाही. त्यासाठी चित्रण ताब्यात घेताना डीव्हीआरवरची वेळ आणि त्याच क्षणाची प्रमाणवेळ शेजारी शेजारी पंचनाम्यात लिहावी लागते. एका ओळीचे काम आहे. ती ओळ राहून गेली तर पुढे कितीही तज्ज्ञ बोलावले तरी तो क्षण परत मोजता येत नाही.

नियम नाहीत असेही नाही. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने आदेश काढला: सेवा देणाऱ्या कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी संस्था यांनी आपल्या सर्व यंत्रणांची घड्याळे एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी, किंवा तिच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवावीत. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने भारतीय प्रमाणवेळेच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. व्यापार, प्रशासन, कायदेशीर करार यांत भारतीय प्रमाणवेळच वापरावी असे त्यात म्हटले आहे. अहमदाबाद, बेंगळुरू, भुवनेश्वर, फरीदाबाद आणि गुवाहाटी इथल्या प्रयोगशाळांतून अचूक वेळ पोहोचवण्याची योजनाही आहे. सूक्ष्म सेकंदांपर्यंतची ही तयारी शेअर बाजाराला, वीजजाळ्याला, दूरसंचाराला हवीच आहे. पण जिथे संगणक सालाने चुकतो तिथे पहिला खर्च चपट्या बॅटरीचा आहे, आणि तो कुणाच्या खात्यावर टाकायचा हे कोणत्याही आदेशात लिहिलेले नाही. केंद्रचालक म्हणतो यंत्र जुने आहे, पुरवठादार म्हणतो हमी संपली, कार्यालय म्हणते तक्रार आलेली नाही. तक्रार येणार कशी? रांगेतल्या माणसाला तर त्याचा अंगठा खराब आहे असे सांगितलेले असते.

याउलट, जिथे सरकारने वेळेचा प्रश्न नीट सोडवला आहे तिथे भांडण होत नाही. केंद्राच्या ई-निविदा पोर्टलवर मुदत संपली की नाही हे ठेकेदाराच्या संगणकावरून ठरत नाही. पोर्टलवर दिसणारी सर्व्हरची वेळच प्रमाण, हे निविदेच्या कागदातच लिहिलेले असते. ठेकेदाराला जी सोय दिली ती पेन्शनवाल्याला का नाही? पोर्टलच्या पानावर सर्व्हरची वेळ मोठ्या अक्षरांत दिसली आणि केंद्रातल्या संगणकाची वेळ तिच्याशी जुळत नसेल तर लाल अक्षरांत, हिंदीत आणि मराठीत, तसे लिहून आले, तर निम्मे खेटे त्याच दिवशी वाचतील. ५६१ हा आकडा कुणाला कळत नाही. "या यंत्राची वेळ चुकलेली आहे" हे वाक्य सगळ्यांना कळते.

पांढुर्णा हा जिल्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झाला. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके त्यात आले. नवा जिल्हा आहे, कार्यालये अजून बसत आहेत, जुन्या सवयींचे ओझे कमी आहे. अशा जिल्ह्याने एक साधी गोष्ट करावी. प्रत्येक रेशन दुकान, ऑनलाइन केंद्र, पंचायत आणि शाळेतल्या संगणकाची वेळ महिन्यातून एकदा तपासून वहीत लिहावी: तारीख, किती फरक, कारण, काय केले, कुणी केले. दर दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलण्याचा खर्च कार्यालयीन खर्चात धरावा. अंगठा तीनदा नाकारला गेला तर माणसाला परत पाठवण्याआधी यंत्राची वेळ पाहणे केंद्रचालकावर बंधनकारक करावे आणि आलेल्या त्रुटीचा क्रमांक पावतीवर लिहून द्यावा. आणि पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात जाम नदीच्या दोन्ही काठांवरच्या प्रत्येक सरकारी आणि खाजगी कॅमेऱ्याची वेळ पोलिसांनी एनपीएलच्या वेळेशी ताडून तिची नोंद ठेवावी. याला नवा कायदा लागत नाही, वेगळा निधी लागत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या एका पत्रकाने येत्या पोळ्याआधी हे काम सुरू होऊ शकते.